प्रत्येक पानाचा धडा करू नका

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. सात वर्षांच्या मुलाला सहा महिन्यांपूर्वी शाळेतून काढलंत. निसर्गाच्या सोबतीने, मुलाच्या शरीरापासून मनापर्यंत सगळ्याचा विचार करणारं शिक्षण घरीच द्यायचं ठरवलंत. रोज रात्री बसून दुसऱ्या दिवसाची आखणी करता. आठवड्याचा विषय 'पान' असेल तर पानं मोजायची, पानांवरून शब्द लिहायचे, पानांचे ठसे, पानांची गोष्ट. आणि आता मुलगा बाहेर पडायलाच नको म्हणतो. वाचन दोन अक्षरी शब्दांपुढे सरकत नाही. चार वर्षांची धाकटी मात्र मातीत तासन्‌तास रमते. त्याचे आजोबा रोज विचारतात, 'आज काय शिकलास?' आणि तो म्हणतो, 'काही नाही.' शेवटी तुम्ही लिहिलंय, ही पद्धत आमच्या मुलाला मानवत नाही, की आम्हालाच ती जमत नाही? परत शाळेत घालू का?

मला वाटतं, इथे दोन निराळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. मुलाला बाहेर जावंसं का वाटत नाही, हा एक. त्याला वाचता का येत नाही, हा दुसरा. तुम्ही दोन्हींची उत्तरं निसर्गाकडे मागताय. पहिल्याचं उत्तर तिथे आहे. दुसऱ्याचं नाही, आणि ते तिथे शोधत राहिल्यामुळेच पहिला प्रश्न उभा राहिलाय.

हे मी इतक्या खात्रीने म्हणते, कारण मी अगदी हेच केलं होतं. माझी तिन्ही मुलं घरी शिकली, आणि आता बरीच वर्षं मी घरी शिकवणाऱ्या इतर आईवडिलांसोबत बसून त्यांच्या अडचणी सोडवते. थोरली सहा वर्षांची असताना तिला खडे वेचायचा नाद होता. खिसा भरून खडे, पिसं, बिया घरी यायच्या. मी प्रत्येक गोष्टीचं काहीतरी करायचे. खडा आला की त्याचं वजन करू, त्याच्यावर चार वाक्यं लिहू, त्याचा रंग कशासारखा आहे ते सांग. मला वाटायचं, मी तिच्या कुतूहलाच्या मागून जातेय. काही महिन्यांनी खडे येणं थांबलं. मला वाटलं, नाद ओसरला. मग एकदा कपडे धुताना तिच्या जुन्या मोज्यात बांधलेली पुरचुंडी सापडली. खडे ती आणत होती, मला दाखवत नव्हती एवढंच. विचारलं तर म्हणाली, 'तू त्यांचा अभ्यास करतेस.'

तुमचा मुलगा फिरायला नको म्हणतो तेव्हा तो झाडांना नको म्हणत नाहीये, असा माझा अंदाज आहे. फिरायला गेलं की शेवटी कागद-पेन्सिल निघणार, हे त्याला कळून चुकलंय. धाकटीला अजून कोणी काही विचारत नाही, म्हणून ती रमते. दोघांमधला हा फरक तुम्हीच लिहिलाय, फक्त त्याकडे या बाजूने पाहिलं नाहीत.

ज्यांच्याकडून हा विचार आपल्यापर्यंत आला, त्यांनी प्रत्यक्षात काय केलं ते पाहण्यासारखं आहे. डोकं, हृदय आणि हात यांचं शिक्षण एकत्र व्हावं असं म्हणणारे पेस्टालोझी स्वित्झर्लंडचे, जन्म १७४६ चा. त्यांच्याकडे काही काळ काम केलेल्या जर्मनीच्या फ्रोबेल यांनी लहान मुलांसाठी बालोद्यान सुरू केलं, तेव्हा तिथे खरीखुरी बाग होती आणि प्रत्येक मुलाचा स्वतःचा वाफा होता. वाफा मुलाचा, म्हणजे रोप जगलं तरी त्याचं आणि वाळलं तरी त्याचं. इंग्लंडच्या शार्लट मेसन (१८४२ ते १९२३) यांनी तर घरी शिकवणाऱ्या आयांसाठी पुष्कळ लिहिलं. लहान मुलांनी हवा बरी असेल त्या दिवशी चार ते सहा तास बाहेर असावं, असा त्यांचा आग्रह होता. पण बाहेर आईने फार बोलू नये, हेही त्यांनी तितक्याच आग्रहाने सांगितलं. धडे सकाळी, थोडे आणि छोटे. दुपार मोकळी, बाहेर. एकाचं काम दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचं नाही. पुढे या विचाराच्या नावाखाली एका विषयाभोवती सगळे विषय गुंफायची रीत रूढ झाली. ती कागदावर फार देखणी दिसते, आणि मुलाला मात्र पळायला जागा ठेवत नाही.

'सर्वांगीण' या शब्दानेही गोंधळ होतो. त्याचा अर्थ प्रत्येक उपक्रमात सगळी अंगं कोंबायची असा नाही. आठवड्याभरात मुलाच्या शरीराला दमण्याची संधी मिळाली का, हाताला काही अवघड काम मिळालं का, कुणाची किंवा कशाची काळजी घ्यावी लागली का, कंटाळा येऊनही एखादं काम पुरं करावं लागलं का, गाणं-गोष्ट कानावर पडली का, डोकं चालवावं लागलं का, एवढं पाहायचं. एका दिवशी यातलं एकच झालं तरी चालतं. पाण्याने भरलेली बादली न सांडता झाडापर्यंत नेताना मुलाचा खांदा, तोल, अंदाज आणि चिकाटी सगळं एकदम कामाला लागतं. त्या बादलीचं आकारमान त्याच वेळी विचारलं की बाकीचं सगळं थांबतं.

आता बाहेर जाण्याबद्दल. तुम्ही दर आठवड्याला नवी जागा आणि नवा विषय घेताय, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. मी याच्या उलट सांगेन. एकच जागा निवडा, घरापासून चालत पोचता येईल अशी. मोठं रान नको. एक झाड, त्याखालची दहा पावलं जमीन, एखादी भिंत किंवा दगड एवढं पुष्कळ. आठवड्यातून दोनदा तिथेच जायचं, वर्षभर. पहिले काही आठवडे तुम्हालाच कंटाळा येईल. तेच झाड, तीच भिंत. पण बदल दिसायला आधी काय होतं ते ठाऊक असावं लागतं. कालपर्यंत नसलेलं जाळं आज आहे, हे त्यालाच कळतं ज्याने ती फांदी रिकामी पाहिली होती. नवनव्या जागी मुलाला नवल वाटतं, आणि ते लगेच विरतं. ओळखीच्या जागेत बदल दिसला की मुलगा 'का?' असं आपणहून विचारतो. त्याच प्रश्नाची वाट पाहायची असते.

तिथे गेल्यावर तुम्ही काय करायचं? बसायचं. जमलं तर स्वतःची वही काढायची आणि समोर जे दिसतं ते स्वतः रेखाटायचं, मुलाने पाहावं म्हणून नव्हे. हे सगळ्यांत अवघड आहे. आईवडील गप्प बसले की आपण आपलं काम करत नाही आहोत, असं त्यांना वाटू लागतं. माझ्याकडे येणारे बहुतेक जण पहिल्या पाच मिनिटांत बोलतात. मी त्यांना घड्याळ लावून वीस मिनिटं गप्प राहायला सांगते. मुलं या वेळात आधी भटकतात, मग 'चल ना घरी' म्हणतात, मग कुठेतरी उकिडवी बसतात. त्या उकिडवं बसण्याच्या आधी तोंड उघडलं तर सगळं परत पहिल्यापासून.

मुलाने विचारलं, 'हे काय आहे?' तर नाव ठाऊक असल्यास सरळ सांगा. 'तुला काय वाटतं?' असं प्रत्येक वेळी उलट विचारणं मुलांना छळासारखं वाटतं, आणि त्यांचं बरोबर आहे. नाव ही मोठी भेट असते. नाव कळलं की ती वस्तू पुढच्या वेळी ओळखू येते. ठाऊक नसेल तर 'मला माहीत नाही, शोधू' म्हणा आणि खरोखर शोधा. पण प्रश्नाला प्रश्नाएवढंच उत्तर द्या. त्याने मुंगीचं नाव विचारलं तर मुंग्यांची समाजव्यवस्था सांगू नका.

मुंग्यांवरून एक आठवलं. माझा मधला मुलगा भिंतीवरच्या मुंग्यांच्या ओळीत बोट फिरवायचा. मी आधी 'त्रास देऊ नकोस' म्हणाले होते. मग पाहिलं, तो त्यांना चिरडत नव्हता, ओळ आडवी पुसत होता. पुसलेल्या जागी मुंग्या थबकायच्या, मागे वळायच्या, इकडेतिकडे फिरायच्या आणि थोड्या वेळाने ओळ परत जुळायची. हे त्याने कितीतरी दिवस केलं. शेवटी म्हणाला, 'त्यांना रस्ता दिसत नाही, त्याचा वास येतो.' मुंग्या गंधाची वाट मागे ठेवत जातात, हे मी त्याला सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही पुस्तक उघडलं आणि त्याने ते पान मला पुन्हापुन्हा वाचायला लावलं. आधी बोट, मग पुस्तक. तेच पान मी त्याला आधी वाचून दाखवलं असतं तर त्याने मान डोलावली असती, एवढंच.

निसर्गवही ठेवायची का? हो, पण ती त्याची वही. त्यात लिहायचं की चितारायचं, किती, कधी, हे त्याने ठरवायचं. तुम्ही फक्त तारीख घाला. चुका दुरुस्त करू नका. माझी धाकटी कोळी काढायची, तो पोटाला पाय फुटलेला गोळा असायचा. मी काही बोलले नाही. तिच्या वहीत असे कितीतरी कोळी आहेत. मग एका पानावर अचानक पाय पुढच्या भागाला आलेले आहेत, मोजून आठ, आणि मागचं पोट नुसतंच. त्या दोन पानांच्या मधे तिने कोळी पाहिला. मी आधीच सुधारून दिलं असतं तर चित्र बरोबर आलं असतं आणि कोळी पाहायचा राहिला असता.

सध्या मात्र वहीचं नावही काढू नका. पहिला महिनाभर हात हलवत जा, हात हलवत या. त्याचा विश्वास बसू दे की या वेळी मागून काही येणार नाही. शाळेतून आणि नंतर तुमच्या आखणीतून थकलेल्या मुलाला हा मोकळा काळ लागतोच. किती लागेल ते मुलावर आहे. काही मुलं दोन आठवड्यांत मोकळी होतात, काहींना बरेच महिने लागतात.

बाहेर गेलेला वेळ 'काही न शिकता' गेला, तरी तो फुकट नसतो, हे आजोबांनाही सांगा. चीनमधल्या ग्वांगझूमध्ये पहिलीच्या मुलांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. काही शाळांमध्ये रोज ४० मिनिटं जास्त मैदानावर घालवायला लावली, आणि शाळेनंतरही मुलांना बाहेर न्या असं पालकांना सांगितलं. तीन वर्षांनंतर इतर शाळांमधल्या ३९.५ टक्के मुलांना निकटदृष्टिता आली होती, म्हणजे लांबचं धूसर दिसू लागलं होतं. या शाळांमध्ये हे प्रमाण ३०.४ टक्के होतं. तो जास्तीचा वेळ अक्षर-आकड्यांच्या धड्यांचा नव्हता, बाहेर उजेडात घालवायचा होता.

डोळ्यांवरून वाचनाकडे येते, कारण इथे मला स्वतःची चूक सांगायची आहे. मधल्या मुलाने आठव्या वर्षापर्यंत वाचलं नाही. माझी ठाम समजूत होती की घाई करायची नाही, मूल तयार झालं की आपोआप वाचतं. जर्मनीत श्टुटगार्टला १९१९ मध्ये सुरू झालेल्या, रुडॉल्फ श्टायनर या विचारवंताच्या शाळेतही अक्षरओळख सातव्या वर्षाच्या आसपास येते, हे मी सगळ्यांना सांगत असे. पण त्या शाळांमध्ये वेळ आली की वाचन पद्धतशीर शिकवतात, हा भाग मी सोयीने सोडून दिला होता. दीड वर्ष असं गेलं. मग एका नातेवाईकाच्या आग्रहाने डोळे तपासले, तेव्हा कळलं की त्याला जवळचं नीट दिसत नाही. लांबच्या फांदीवरचा पक्षी तो सगळ्यांच्या आधी दाखवायचा, म्हणून नजरेची शंका कोणालाच आली नाही. चष्मा लागला, आणि रोज थोडं थोडं शिकवायला लागल्यावर काही महिन्यांत तो वाचू लागला. ते दीड वर्ष तो स्वतःला मठ्ठ समजत होता. याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून आधी डोळे आणि कान तपासून घ्या, लगेच. मग वाचन वेगळं काढा. पानांशी, पावसाशी, कशाशीही न जोडता. रोज सकाळी दहा ते पंधरा मिनिटं, ठरलेल्या वेळी, तुमच्या शेजारी बसून. मराठीत अक्षर आणि उच्चार बऱ्यापैकी जुळतात ही सोय आहे, पण चिन्हं पुष्कळ आहेत. बिनकाना-मात्रेचे शब्द सहज यायला लागल्यावर काना घ्या, तो पक्का झाल्यावर पुढचं. ऱ्हस्व वेलांटीला जास्त वेळ द्या: 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि आवाज मात्र नंतर येतो, त्यामुळे पुष्कळ मुलं इथेच अडखळतात आणि आपल्याला वाटतं मूल लक्ष देत नाही. जोडाक्षरं सगळ्यांत शेवटी. काल जे आलं ते आज आधी वाचून घ्या, मग एकच नवीन गोष्ट. पंधरा मिनिटं झाली की थांबा, तो रंगात असला तरी. छोटा धडा मुलाला पूर्ण लक्ष देऊन करता येतो. लांबला की अर्धं लक्ष द्यायची सवय लागते आणि ती मोडणं फार कठीण.

असं सलग पाच-सहा महिने करूनही काही हललं नाही, किंवा घरात कोणाला वाचनाची अडचण होती असं असेल, तर वाचनअक्षमतेची तपासणी करून घ्या. वाट पाहू नका. झाड, नदी, मोकळी हवा यांनी ती अडचण जात नाही. तिला शिकवायची वेगळी रीत लागते, आणि ती जितकी लवकर मिळेल तितकं बरं.

याच्या जोडीला त्याला रोज वाचून दाखवा, त्याच्या वाचनापेक्षा खूप वरचं. वाचून झालं की 'काय काय ऐकलंस, सांग' म्हणायचं आणि मधे न बोलता ऐकायचं. प्रश्न विचारायचे नाहीत. मेसनबाईंची ही पद्धत मी अनेक मुलांसोबत वापरली, आणि मला ती कुठल्याही प्रश्नपत्रिकेपेक्षा खरी वाटते. आपल्या शब्दांत परत सांगताना मुलाला क्रम लावावा लागतो, काय महत्त्वाचं ते ठरवावं लागतं. ज्याला अजून लिहिता येत नाही त्याच्यासाठी हाच निबंध.

गणिताचं थोडक्यात: तेही वेगळं, रोज पंधरा मिनिटं, हाताळायला वस्तू देऊन. मोजायला खडे घेतले तर हरकत नाही. फक्त ते त्याच्या खिशातले नकोत.

म्हणजे तुमची सकाळ साधारण अशी होईल. पंधरा मिनिटं वाचन, मग उड्या मारायला किंवा पाणी भरायला उठायचं, पंधरा मिनिटं गणित, मग गोष्ट आणि तिचं परत सांगणं, मग घरातलं एखादं खरं काम, ज्याची सगळ्यांना गरज आहे. बसून करायचं सगळं मिळून तासाभरात आटोपतं. सात वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं. उरलेला दिवस मोकळा, आणि त्यातला शक्य तितका बाहेर. रात्रीची आखणी बंद करा. तो वेळ झोपेला द्या. तुमच्या लिहिण्यातून थकवा दिसतोय.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. घरी शिकवण्याचा कायदा देशागणिक वेगळा आहे. इंग्लंडमध्ये त्याला मुभा आहे, जर्मनीत मुलाने शाळेत जाणं सक्तीचं आहे, म्हणून तुम्ही राहता तिथले नियम नीट माहीत करून घ्या. तुम्ही दोघं नोकरी करता का, मुलाला समवयस्क मित्र आहेत का, यानेही पुष्कळ फरक पडतो. आठवड्यातून निदान दोन-तीनदा इतर मुलांशी मनसोक्त भांडण-खेळ व्हायला हवा. भावंडावर ती सगळी जबाबदारी टाकू नका. आणि जवळ हिरवळच नसेल तरी अडत नाही. आकाश सगळ्यांना असतं. रोज संध्याकाळी चंद्र कुठे आहे ते खिडकीतून पाहिलं तरी काही दिवसांत लक्षात येतं की तो आदल्या दिवसापेक्षा सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो. कुंडीत बी उलटं पेरून पाहा, मूळ वळून खालीच जातं.

आजोबांसाठी एक जाड वही ठेवा. दर रविवारी तारीख घालून तीन-चार ओळी लिहा: काय वाचलं, काय परत सांगितलं, कशाकडे किती वेळ पाहत बसला, कोणतं काम न सांगता केलं. मुलाला 'आज काय शिकलास' हे विचारणं त्यांनी थांबवावं, अशी प्रेमाने विनंती करा. त्याऐवजी आजोबांनीच एकदा त्या झाडाखाली त्याच्यासोबत येऊन बसावं. प्रश्नाला 'काही नाही' म्हणणारी मुलं शेजारी बसलेल्या माणसाला खूप काही सांगतात.

शाळेचं म्हणाल, तर आत्ताच ठरवू नका. गेले सहा महिने जे चाललं ते शाळाच होती, फक्त झाडाखाली. धडे आणि मोकळा वेळ वेगळे करून तीन-चार महिने जाऊ द्या, मग पाहा. तेव्हाही तो रोज सकाळी रडत असेल, किंवा तुम्ही दोघं दिवसभर चिडलेले असाल, तर शाळेत घाला आणि मनाला लावून घेऊ नका. ती जागा, रोजचं वाचून दाखवणं आणि मोकळी संध्याकाळ शाळेत जाणाऱ्या मुलालाही देता येते. माझ्या धाकटीने तेराव्या वर्षी आपणहून शाळा मागितली आणि आम्ही ती दिली. झाडाखाली ती त्यानंतरही जात राहिली.

पहिल्या दिवशी तो यायला नकार देईल असं धरून चाला. आग्रह करू नका. 'मी जाऊन येते' म्हणा, धाकटीला घ्या आणि जा. ती माती उकरेल, तुम्ही बसा. परत आल्यावर त्याला काय पाहिलं ते सांगायला जाऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तो चपला घालून दारात उभा असेल. तेव्हाही काही बोलू नका, नुसतं चालायला लागा.